जुनीं दप्तरें आणि संगणक

पेशवाई १८१८ सालीं बुडाली. तिचे कागद मात्र राहिले. इंग्रजांनीं ते जपून ठेविले, पण त्यांत इतिहासप्रेमाचा भाग थोडाच होता. कोणत्या गांवाचा सारा किती, इनाम कोणास कोणत्या अटीवर मिळालें, वतन कोणाच्या घराण्यांत चालत आलें, हें समजल्यावांचून नव्या सरकारचा वसूल चालणें कठीण होतें. पुण्याच्या पेशवे दप्तरांत आज तीस हजारांहून अधिक रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कागद बांधून ठेवण्याचें कापड, आणि त्यावरून त्यांत बांधलेला गठ्ठाही. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं या दप्तरांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळांत संपादिले. काम प्रचंड खरें. तथापि जें छापलें तें ढिगाऱ्यांतील ओंजळभरच होय.

सरकारी दप्तराबाहेरचा इतिहास घरोघर विखुरलेला होता. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं त्यासाठीं गांवोगांव पायपीट केली. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा त्यांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला. पुढें एकंदर २२ झाले. कागद वांचविण्याचा त्या काळचा मार्ग म्हणजे तो छापणें. आतां दुसरा मार्ग हातीं आला आहे. मूळ पानाचें छायाचित्र घेऊन तें संगणकांत अंकरूपानें साठवितां येतें, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारानें आपले पुष्कळ कागद ‘अभिलेख पटल’ या नांवानें घरबसल्या पाहण्यास खुलेही केले आहेत.

परंतु या मार्गाविषयीं एक गोड समजूत पसरली आहे. यंत्र आणिलें, पानें टिपलीं, कीं इतिहास सुरक्षित झाला! वस्तुतः टिपणें हा कामाचा सोपा भाग. तोही घाईचा नव्हे. शेंदोनशें वर्षांची घडी ओढून उलगडली तर कागद घडीवरच तुटतो. म्हणून आधीं धूळ मऊ कुंचल्यानें झाडावी लागते, घडी हळूहळू सैल करावी लागते, आणि पान यंत्रांत न सरकवितां सपाट ठेवून वरून टिपावें लागतें. मक्त्यानें, पानामागें इतके पैसे ठरवून हें काम उरकूं पाहणाऱ्यांनीं याचा विचार केलेला नसतो.

खरी अडचण पुढेंच आहे. लाखभर चित्रें साठविलीं, पण कोणतें चित्र कशाचें हें कोठेंच नोंदलेलें नाहीं, तर तो रुमालांचाच ढीग नव्या जागीं हलविला असें होतें. प्रत्येक चित्रास रुमालाचा अंक, गांव, माणसांचीं नांवें, विषय व काल यांची नोंद जोडली पाहिजे. ती करण्यास कागद वाचतां आला पाहिजे, आणि कागद मोडींत आहे. आडवी रेघ ओढून तिच्याखालीं अक्षरें लिहिलेलीं, शब्द तोडलेले नाहींत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं. कालही सरळ सांपडत नाहीं. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ असें लिहिलेलें असतें. हे अरबी आंकडे: दोन, सत्तर, शंभर व हजार, मिळून शुहूर सन ११७२. त्यांत ५९९ मिळविले म्हणजे इसवी सन १७७१ येतो. आणि जानेवारीपासून मृगापर्यंतची मिती असली तर ६०० मिळवून १७७२.

हें ज्ञान केवळ पंडितांच्या कामाचें आहे असें कोणी समजूं नये. २०२३ सालीं कुणबी नोंदी शोधण्याकरितां निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हां जिल्ह्याजिल्ह्यांतील जुन्या नोंदवह्या उघडाव्या लागल्या आणि मोडी वाचणारीं माणसें शोधावीं लागलीं. कुटुंबाचा दाखला एका ओळीवर अडलेला, आणि ती ओळ समोर असून वाचतां येत नाहीं, यासारखी विवंचना दुसरी नाहीं. शाळांतून मोडी गेली त्याचें हें मोल!

शिवाय अंकरूप चित्र चिरंजीव नसतें. इंग्लंडांत १०८६ सालीं झालेली जमिनीची मोजदाद ‘डूम्सडे बुक’ म्हणून आजही वाचतां येते. तिला नऊशें वर्षें झालीं म्हणून १९८६ सालीं बी. बी. सी. नें देशाची नवी माहिती तबकड्यांवर भरली. पंधरासोळा वर्षांतच त्या वाचणारीं यंत्रें दुर्मिळ झालीं व माहिती सोडविण्यास खटपट करावी लागली. तेव्हां चित्रांच्या प्रती निदान तीन, आणि त्या निरनिराळ्या गांवीं ठेवाव्या. पुण्यांत १९६१ च्या जुलैंत पानशेतचें धरण फुटून जो पूर आला, तसा प्रसंग एका गांवावर येतो. दर कांहीं वर्षांनीं त्या नव्या साधनावर उतरवून घ्याव्या. आणि चित्र झालें म्हणून मूळ कागद रद्दींत घालणें हा तर शुद्ध अविचार होय.

केंद्र सरकारच्या कागदांस १९९३ च्या केंद्रीय कायद्याचें संरक्षण आहे. वाड्याच्या माळ्यावरील गांठोड्यास घरच्या माणसांवांचून कोणी नाहीं. अशा कागदांस चिकटपट्टी लावूं नये, प्लास्टिकांत कायमचे बंद करूं नयेत, त्यांचा क्रम मोडूं नये. गांठोडें कोणाच्या घरचें, कोणत्या पेटींतलें, हें वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवावें. चित्रें घेतांना पानाची मागची बाजू कोरी वाटली तरी वगळूं नये. पत्र पोंचल्याची मिती पुष्कळदां तेथेंच असते.