गंज पाण्यानं येतो, मग टेबल पाण्यानं का धुवायचं?

मे महिना सरत आला की लहान वर्कशॉपांतून एक प्रश्न हमखास निघतो: टेबलाच्या प्लेटला यंदा काय लावायचं? उत्तरंही ठरलेली. कोणी जळकं इंजिन ऑइल सांगतं, कोणी डिझेलचा बोळा, कोणी ग्रीसचा थर, तर कोणी सरळ रेड ऑक्साइड मारून मोकळे व्हा म्हणतं. या सगळ्या सल्ल्यांमागे एकच समजूत आहे. लोखंड आणि पाणी यांच्या मध्ये काहीतरी चिकट आणून बसवलं की झालं, प्लेटवर आधीपासून काय साचलंय याच्याशी गंजाला देणंघेणं नाही. माझं म्हणणं उलट आहे. छपराखालचं साध्या एमएस प्लेटचं टेबल गंजतं ते मुख्यतः त्यावरच्या मळामुळे, आणि तो मळ निघाल्याशिवाय वरून लावलेलं कुठलंही तेल अर्धंमुर्धंच काम करतं. त्या मळातला सगळ्यात वाईट भाग तर तेलानं निघतच नाही, पाण्यानं निघतो. लोखंडावर मुद्दाम पाणी घालायला सांगणाऱ्याला कुठलाही जुना फिटर वेड्यात काढेल, म्हणून आधी पुरावा बघू.

शाळेतला तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग बहुतेकांना आठवत असेल. उघड्या पाण्यातला खिळा गंजतो. उकळून हवा घालवलेल्या, वर तेलाचा थर असलेल्या पाण्यातला गंजत नाही. पूर्ण कोरड्या हवेतलाही गंजत नाही. म्हणजे पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. इथपर्यंत बरोबर, पण टेबलावर कोणी पाणी ओतत नसताना ते का गंजतं, याचं उत्तर त्यात मिळत नाही. ते 1920 आणि 30च्या दशकांत ब्रिटनमध्ये व्हर्नन नावाच्या संशोधकाच्या प्रयोगांतून मिळालं. खोलीतल्या हवेत लोखंडाचे दोन तुकडे ठेवायचे, एक उघडा आणि दुसऱ्याभोवती पातळ मलमलीचा पिंजरा. हवा तीच, दमटपणाही तोच, कारण मलमल वाफ अडवत नाही. अडते ती फक्त धूळ. उघडा तुकडा गंजला, पिंजऱ्यातला जवळजवळ तसाच चकचकीत राहिला. पुढे त्यानंच दाखवलं, की स्वच्छ हवेचा दमटपणा शंभर टक्क्यांच्या जवळ नेला तरी लोखंड फारसं गंजत नाही. पण त्याच हवेत गंधकाच्या धुराचा अगदी थोडा अंश मिसळला, की साधारण 60 टक्के आर्द्रतेच्या पुढे गंज एकदम उसळी घेतो. एकटा दमटपणा तेवढा घातक नव्हता. त्याला साथीदार लागत होता.

वर्कशॉपच्या टेबलावर असे साथीदार ढिगानं असतात, आणि त्यांत पहिला मान मिठाचा. साधं मीठ 25 अंशांना, सुमारे 75 टक्के आर्द्रतेला हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते हेच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर जेमतेम 33 टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणून मालवण-वेंगुर्ल्याकडच्या शेडमधली प्लेट डिसेंबरच्या कोरड्या वाटणाऱ्या दुपारीही खऱ्या अर्थानं कोरडी नसते. पण मीठ यायला समुद्रच लागतो असं नाही. घामात मीठ असतंच. भोसरीतल्या किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या टेबलावर तळहात टेकवून काम चालतं, आणि दोन दिवसांनी तिथं पंजाच्या आकाराचा तपकिरी ठसा उमटतो. त्यात भर ग्राइंडरच्या चुऱ्याची. लोखंडाचा बारीक कीस प्लेटच्या आधी स्वतः गंजतो, ओल धरून बसतो आणि खालच्या प्लेटला तीच ओल पुरवतो. वाळलेलं कूलंट, सोल्डरिंगच्या फ्लक्समधलं झिंक क्लोराइड, चहाचे थेंब ही मंडळी वेगळीच.

आता डिझेलच्या बोळ्याकडे बघू. ग्रीस, तेलकट काजळी, चिकट डाग यांवर केरोसीन किंवा डिझेल उत्तम चालतं, त्याबद्दल वाद नाही. पण मीठ डिझेलमध्ये विरघळत नाही. बोळा फिरवला की प्लेट चकाकते, मीठ मात्र या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात पसरतं आणि वर तेलाची पातळ साय येते. ती साय काही अभेद्य भिंत नव्हे. पाण्याची वाफ आणि प्राणवायू तिच्यातून हळूहळू पाझरतात, खाली मीठ वाट बघत असतं. म्हणून क्रम असा हवा: आधी ब्रशनं चुरा झाडायचा, मग डिझेलनं चिकटा काढायचा, मग कोमट पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून पिळलेल्या फडक्यानं पुसायचं, एकदा साध्या पाण्याचं फडकं आणि लगेच कोरडं. सोडा कशाला? क्षारयुक्त पाण्यात लोखंड गंजायला नाखूश असतं. काँक्रीटमधली सळई वर्षानुवर्षं टिकते ती याच कारणानं. ओल्या सिमेंटचा सामू 12च्या वर असतो. घरच्या बोअरवेलचं पाणी खारट असेल तर शेवटचं फडकं तरी त्याचं नको.

यावर आक्षेप येणारच: पाणी लावून आपणच गंजाला आमंत्रण नाही का देत? देतो, पण किती वेळाचं ते बघा. गंजाचा हिशेब पृष्ठभाग किती तास ओला राहिला यावर होतो. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 9223 मध्ये ओलेपणाचा काळ मोजतात तो असाच: तापमान शून्याच्या वर आणि आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर, असे वर्षातले तास किती. पाच मिनिटं ओली होऊन खडखडीत पुसलेली प्लेट आणि अख्खी रात्र मिठाच्या अदृश्य चिकट थराखाली ओली राहिलेली प्लेट, यांची तुलनाच होऊ शकत नाही. पुसायला आळस झाला आणि पाणी तसंच वाळू दिलं, तर मात्र आक्षेप घेणाराच बरोबर ठरतो.

‘पाऊस आत येत नाही, मग प्लेट सकाळी ओली कशी?’ याचं उत्तर वजनात आहे. दोन मीटर बाय एक मीटर, 10 मिलिमीटर जाडीची प्लेट सुमारे 157 किलोची भरते. एवढं लोखंड रात्री गार होतं आणि सकाळी सावकाश तापतं. शटर उघडलं की बाहेरची हवा आत येते. ती 28 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेची असेल, तर तिचा दवबिंदू 25 अंशांच्या आसपास येतो. प्लेट हवेपेक्षा फक्त तीन अंशांनी थंड असली की तिच्यावर दव धरतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तसंच. म्हणून जुलैच्या सकाळी आल्या आल्या पंखा लावून ओल वाळवू पाहणं फसवं असतं, कारण प्लेट थंड असेपर्यंत पंखा तिच्यावर आणखी दमट हवाच आणून टाकतो. आधी कोरडं फडकं, पंखा नंतर. उलट प्लेट हवेपेक्षा पाच अंशांनी उबदार असेल, तर तिच्या अंगालगतची आर्द्रता 85 वरून साधारण 64 टक्क्यांवर येते. हत्यारांच्या बंद खणात लहान दिवा पेटता ठेवण्याची जुनी रीत याच गणितावर चालते. अख्ख्या टेबलाला ती परवडणारी नाही.

झाकण्याबद्दलचा घोळ मोठा आहे. व्हर्ननची मलमल वाचून कोणी टेबलावर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट अंथरली, तर ते मलमलीच्या नेमकं उलट होईल. मलमल तुकड्याला टेकलेली नव्हती आणि तिच्यातून हवा खेळत होती. ताडपत्रीखाली दव कोंडतं. पुठ्ठा, ओलं लाकूड, कॉटन वेस्टचा गोळा हे तर ओल शोषून प्लेटला चिकटवून ठेवतात. तेलाचा डबा आठवडाभर एका जागी राहिला की खाली तांबूस कडं उमटतं, त्याचा उलगडा केंब्रिजच्या यूलिक इव्हान्स यांनी मिठाच्या पाण्याच्या साध्या थेंबावर केला होता. थेंबाच्या कडेला हवा भरपूर मिळते, मध्यभागी कमी. आणि लोखंड झिजतं ते हवा कमी मिळते तिथं. डब्याच्या बुडाखाली, बेंच वाइसच्या पायाखाली, बोल्टच्या वॉशरखाली हीच गत होते. तिथं हवा लागत नाही म्हणून ती जागा सुरक्षित, हा समज तंतोतंत उलटा आहे. वर्षातून एकदा वाइस उचलून खाली बघावं, काय दिसतं ते दिसेल.

मग तेलाचं काहीच काम नाही का? आहे, पण शेवटचं, आणि तेल कोणतं यानं फरक पडतो. जळकं ऑइल फुकट मिळतं एवढाच त्याचा गुण. त्यात ज्वलनातून आलेली आम्लं, पाणी आणि काजळी असते. इंजिनातून ते काढून टाकतात ते त्याचसाठी. शिवाय ते रोज हाताला लागणं त्वचेला घातक आहे, त्यातले काही घटक कर्करोगाशी जोडले गेलेले आहेत. शेंगदाणा तेल वाळत नाही, नुसतं चिकट होऊन धूळ धरतं. जवसाचं तेल मात्र हवेत वाळून कडक पापुद्रा बनवतं, बिडाच्या तव्यावर तापवलेल्या तेलाचा काळा थर बसतो त्याच जातीचा. विदर्भात पिकणाऱ्या जवसाचं हे तेल लोहारकामाला जुनंच आहे. एक सावधगिरी: जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून टाकू नयेत, वाळताना ते तापून आपोआप पेट घेऊ शकतात. डब्ल्यूडी-40 हे 1953 मध्ये सॅन डिएगोत तयार झालेलं रसायन, आणि नावातच त्याचं काम आहे, पाणी हटवणं. 40 हा प्रयत्नांचा आकडा. धुतल्यावर फटींतलं पाणी बाहेर काढायला ते छान, पण बराचसा भाग उडून जातो आणि राहणारा थर पातळ असतो, तेव्हा पावसाळाभराची जबाबदारी त्याच्यावर टाकू नये. त्यासाठी आरपी (गंजरोधक) ऑइल, किंवा मोजमापाच्या टेबलावर मेणाचं पॉलिश बरं. ते हाताला लागत नाही, धूळही कमी धरतं. वेल्डिंगच्या टेबलावर मेण आणि तेल दोन्ही धुरायला लागतात आणि अर्थिंगला आडवी येतात, तिथं स्वच्छता हाच काय तो उपाय. रंगही तिथं टिकत नाही. आणि ओरखडा पडलेल्या रंगाखाली गंज दिसत नाही तोवर पसरत राहतो.

आलेला गंज काढायला बाथरूमचं ॲसिड वापरण्याची सवय तर सोडलेलीच बरी. गंज जातो, पण मागे क्लोराइड राहतं, म्हणजे पुन्हा मिठाचीच कथा. त्या बाटलीचं बूच सैल असेल तर नुसत्या वाफेनं शेजारच्या कानशी आणि ड्रिल बिट तांबडे होतात. लिंबू, चिंच किंवा व्हिनेगर सौम्य आहेत, तरी नंतर धुतलं आणि सोड्यानं पुसलं नाही तर तासाभरात नवा पिवळट गंज दिसतो. फॉस्फोरिक आम्लाची द्रावणं त्या मानानं शहाणी, लोखंडावर फॉस्फेटचा करडा थर ठेवून जातात.

एवढी कटकट नको म्हणून स्टेनलेसची प्लेट घ्यावी, हा आक्षेप रास्त वाटतो. पण स्टेनलेस गंजत नाही हे अर्धंच खरं. निदान 10.5 टक्के क्रोमियम असलं की त्यावर नॅनोमीटरच्या मापाचा अदृश्य थर धरतो आणि फाटला तर स्वतःच सांधतो. साध्या लोखंडाचा ग्राइंडरचा चुरा त्यावर बसला, किंवा लोखंडी तारेच्या ब्रशनं ते घासलं, की ते परके कण गंजतात आणि दोष स्टेनलेसला मिळतो. मीठ साचून राहिलं तर नेहमीच्या 304 जातीच्या स्टेनलेसलाही सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. म्हणूनच समुद्राकाठी मॉलिब्डेनमवालं 316 वापरतात. थोडक्यात, महाग प्लेटलाही फडकं चुकत नाही.

एक भाबडी समजूत अशी, की गंज रोगासारखा एका वस्तूवरून दुसरीवर लागतो. गव्हावरचा तांबेरा तसा पसरतो, कारण ती बुरशी आहे, तिचे बीजाणू उडतात. लोखंडाच्या गंजात जिवंत काही नाही. मात्र तो स्पंजासारखा ओल आणि मीठ धरतो, म्हणून गंजका अँगल प्लेटवर महिनाभर पडून राहिला की खाली डाग येतो. आणि गंजका खिळा लागला की धनुर्वात होतो म्हणतात, तोही दोष गंजाचा नव्हे, मातीतल्या जिवाणूंचा. इंजेक्शन घ्यायचंच, खिळा चकचकीत असला तरी.

दिल्लीतल्या लोहस्तंभाचा दाखला देणारेही भेटतात: ते जुनं लोखंड बघा, सोळाशे वर्षं उघड्यावर आहे, आजचं लोखंडच हलकं. त्या स्तंभात फॉस्फरस आजच्या पोलादाच्या कितीतरी पट आहे आणि त्यामुळे त्यावर संरक्षक थर धरला. तेवढ्या फॉस्फरसची प्लेट आज कोणी घेणार नाही, ती ठिसूळ होते. शिवाय स्तंभाचा जमिनीखालचा, ओलीत राहिलेला भाग गंजलेला आहेच.

राहता राहिले जुन्या टेबलावरचे काळपट-तपकिरी डाग. ते घासून आरशासारखी प्लेट करायचा काहींना ध्यास असतो, आणि त्यात पॉलिश पेपरचे खोल ओरखडे पडून ओल धरायला नव्या जागा तयार होतात. डागावरून कोरडं पांढरं फडकं दाबून फिरवावं. फडकं तांबूस झालं तर गंज अजून चालू आहे, तिथं धुणं-पुसणं करावं. फडकं पांढरं राहिलं तर तो नुसता डाग आहे. त्यावर जॉब ठेवून कामाला लागावं.