‘नाही’ पचवणारा मेंदू

‘घरी विचारून सांगतो.’ ‘बजेटच्या बाहेर जातंय.’ ‘पितृपक्ष संपू द्या, मग बघू.’ फ्लॅट विकणाऱ्याचा दिवस अशी वाक्यं ऐकण्यात जातो. रविवारी सँपल फ्लॅटच्या बाल्कनीत उभं राहून वॉशिंग मशीन कुठं बसेल याची चर्चा करणारं कुटुंब सोमवारी फोनच उचलत नाही. नव्या मुलांना अशा वेळी वरिष्ठ सांगतात, ‘मनाला लावून घेऊ नकोस.’ हा सल्ला प्रेमाचा असला, तरी मेंदूला तो पाळता येत नाही.

मानसशास्त्रज्ञ नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये काही जणांना मेंदूचं स्कॅनिंग सुरू असताना संगणकावर चेंडू फेकण्याचा खेळ खेळायला लावलं. थोड्या वेळानं बाकीचे खेळाडू त्यांच्याकडे चेंडू टाकेनासे झाले. एवढ्याशा डावलण्यानंही शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडला जाणारा मेंदूचा भाग जास्त सक्रिय झाला. इथं तर महिन्याचं टार्गेट आणि इन्सेंटिव्ह पणाला लागलेलं असतं. तेव्हा नकार लागणारच. तरीही काही जण पुढचा फोन लावतात आणि काही जण मनातून खचतात, ते का?

याचं उत्तर मेंदूचे अभ्यासक स्टीव्हन मायर यांच्या उंदरांवरच्या प्रयोगांत सापडतं. दोन उंदरांना एकाच वेळी सारखाच विजेचा झटका बसे. पहिल्यासमोर एक चाक असे. ते फिरवलं की दोघांचाही झटका थांबे. दुसऱ्याच्या हाती काहीच नसे. दोघांचा त्रास तंतोतंत सारखा, पण हतबल व्हायचा तो दुसराच. पहिल्याला पुढे ज्यावर इलाज नाही असा त्रास दिला, तरी तो सहजी हार मानत नसे. मायर आणि मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून ‘हतबलता शिकली जाते’ असं मांडलं होतं. २०१६ मध्ये त्यांनीच ते उलटवलं. दीर्घ त्रासात गळून जाणं हा मेंदूचा मूळ स्वभाव आहे. शिकावं लागतं ते ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ हे. ही जाणीव कपाळामागच्या मेंदूच्या भागात घडते आणि तिथूनच मेंदूच्या तळाशी उसळणारी हतबलता आवरली जाते.

विक्रीच्या धंद्यात हे कसं दिसतं, याचा मागही सेलिगमन यांनी घेतला. १९८६ मध्ये त्यांनी पीटर शुलमन यांच्यासह आयुर्विमा एजंटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपयशाचं कारण तात्पुरतं आणि त्या प्रसंगापुरतं मानणाऱ्यांनी पहिल्या दोन वर्षांत इतरांपेक्षा ३७ टक्के जास्त विमा विकला होता.

याचा अर्थ सगळं खापर बाजारावर फोडावं असा नाही. पितृपक्षात टोकन येत नाही, याचा तुमच्या कुवतीशी संबंध नाही. पण ग्राहकानं कार्पेट एरिया विचारल्यावर गडबडलात, तर ती चूक तुमची आहे आणि एका संध्याकाळच्या अभ्यासानं सुधारणारी आहे. प्रत्येक नकारानंतर आपल्या हातात काय होतं आणि काय नव्हतं, ही विभागणी कागदावर करणं मला कुठल्याही प्रेरणादायी भाषणापेक्षा मोलाचं वाटतं. बुकिंग हातात नसतं. किती फोन केले, किती साइट व्हिजिट ठरवल्या, कर्जाचं गणित किती स्वच्छ समजावलं, हे असतं. मेंदूला चाक फिरवल्याचा अनुभव यातूनच मिळतो.

राज्यातल्या गृहप्रकल्पांवर नियमन ठेवणाऱ्या महारेरानं २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, हे चांगलंच झालं. नियम नीट माहीत असलेला माणूस ग्राहकापुढे गांगरत नाही. पण सेल्स हेड मंडळींना एक कळकळीचं सांगणं आहे. सोमवारच्या मीटिंगमध्ये बुकिंग न झालेल्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करून झापू नका. त्यानं आठवडाभरात काय काय केलं ते आधी विचारा, आणि त्यातलं जे नीट झालं ते त्याला तिथंच सांगा.