घोंगडी आणि किलीम : मेंढपाळांच्या दोन विणी

अनातोलियातील योरुक मेंढपाळांनी विणलेले जुने किलीम, म्हणजे गाठीवाचून सपाट विणलेले लोकरी गालिचे, आज देशोदेशींच्या संग्रहालयांत आढळतात. ‘योरुक’ हे नावच मुळी ‘चालणे’ या अर्थाच्या तुर्की धातूपासून आलेले आहे. दख्खनच्या पठारावर कळपामागून तसेच चालत आलेल्या धनगरांची घोंगडी मात्र अभ्यासाचा विषय क्वचितच झाली. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) आणि भोवतालच्या वस्त्रकलेची चर्चा हिमरू व पैठणीपाशी थांबते. त्याच भागातील शेतकऱ्याच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या असलेले वस्त्र त्या चर्चेत येत नाही.

दोहोंतील साम्य प्रथमदर्शनी वाटते त्याहून कमी आहे. किलिमात आडवा धागा इतका घट्ट ठोकलेला असतो की उभा ताणा झाकून जातो. प्रत्येक रंगाचा बाणा आपापल्या क्षेत्रातून मागे वळतो आणि दोन रंगांच्या सीमेवर बारीक फट राहते. त्याची भौमितिक आकृती या फटीच्या मर्यादेतून जन्मते. तिला रहस्यमय प्रतीके मानण्याची संग्राहकांची हौस पुष्कळदा निराधार असते. घोंगडीची वीण साधी, एकाआड एक धाग्याची. काळा, करडा, पांढरा हे मेंढीच्याच अंगचे रंग, आणि अलंकार काठाच्या रेषांपुरता.

अधिक महत्त्वाचा भेद मागाचा होय. योरुक स्त्री जमिनीत खुंट ठोकून आडवा माग उभारी. तळ हलविताना अर्धवट विणीसह तो गुंडाळून जनावरावर लादता येई. त्यामुळे मेंढ्या राखणारे व विणणारे कुटुंब एकच राहिले. घोंगडी खड्ड्याच्या मागावर विणली जाते. विणकर काठाशी बसतो, पाय खड्ड्यात पावड्यांवर असतात. हा माग उचलून नेता येत नाही. साहजिकच धनगर समाजात श्रमविभागणी झाली : हटकर मेंढ्या घेऊन फिरले, खुटेकर गावात राहून विणू लागले, दक्षिण महाराष्ट्रात हेच काम सनगरांकडे आले. ‘खुटेकर’ हे नाव ताणा ज्यांना बांधतात त्या खुंटांवरून पडले, असे मानले जाते. म्हणजे घोंगडी भटक्यांच्या लोकरीची असली तरी स्थायिकांच्या हातची आहे. तिला ‘भटक्यांची कला’ म्हणणे अर्धेच खरे.

मेंढ्या धुऊन कातरल्यावर लोकर पिंजली जाते आणि चरख्यावर सूत काढले जाते. हे काम प्रायः स्त्रियांचे. पुढे उघड्या जागेत ताणा ताणून त्यावर चिंचोक्याची खळ कुंच्याने चढवितात. खरबरीत दख्खनी लोकरीचे तंतू या खळीने बसतात, धागा मागावर तुटत नाही आणि कापडाला ताठपणा येतो. खोळ करून डोक्यावरून घेतलेल्या घोंगडीवरून पावसाचे पाणी बराच वेळ ओघळून जाते. एकदा मात्र ती पुरती भिजली की जड होते व लवकर वाळत नाही. ‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार ज्याने प्रथम वापरला त्याला हा अनुभव असलाच पाहिजे.

जुने किलीम उरले याचे एक कारण असे की, अनातोलियात ते मशिदींना अर्पण केले जात आणि तेथे एकावर एक अंथरलेले टिकून राहत. घोंगडीला असा आश्रय लाभला नाही. खंडोबा-बिरोबाच्या उपासनेत तिला मान आहे, शहरालगतच्या सातारा येथेही खंडोबाचे प्रसिद्ध देवस्थान आहे. परंतु तो मान वापराचा, जतनाचा नव्हे. ती पांघरली, अंथरली, धान्य वाळविण्यास घेतली आणि अखेर विरून गेली. उरलेल्यावर कसर पडली. तेव्हा शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या घोंगड्या शेजारी ठेवून शैलीचा क्रम लावण्याची, किलिमांच्या अभ्यासात रूढ असलेली पद्धत येथे चालणार नाही. येथे प्रक्रिया हेच साधन मानावे लागेल.

ते साधनही निसटते आहे. लोकरीपेक्षा मांसाला भाव येऊ लागल्यापासून काळ्या दख्खनी मेंढीच्या जागी किंवा तिच्याशी संकर करून माडग्याळसारख्या कमी लोकरीच्या, वजनदार मेंढ्या पाळण्याकडे कल वाढला. पानिपतच्या चिंध्यांच्या लोकरीची व कृत्रिम धाग्यांची स्वस्त ब्लँकेटे बाजारात आली. कित्येक ठिकाणी कातरणीची मजुरीही लोकरीतून सुटत नाही आणि कातरलेली लोकर टाकून द्यावी लागते. १८६५ च्या सुमारास उस्मानी सत्तेने चुकुरोवातील भटक्या टोळ्यांना बळाने स्थायिक केले, तरी त्यांचे माग गावांत चालू राहिले, कारण मेंढी तीच होती. दख्खनमध्ये मेंढीच बदलत आहे. म्हणून क्षेत्रकार्यात प्रथम नोंद घ्यावयाची ती नक्षीची नव्हे. लोकर कोणत्या मेंढीची, कोणत्या हंगामात कातरलेली, सूत कोणी कातले आणि खळ किती दाट शिजविली, या गोष्टींची.