काकांचा थ्री-वूड आणि कमी स्पिनचा मोह

मागच्या एप्रिलमध्ये माझ्या काकांची साठी झाली. काका फौजेतून निवृत्त होऊन पुण्यात स्थायिक झालेत आणि आठवड्यातल्या चार सकाळी गोल्फ कोर्सवर असतात. त्यांचा हँडिकॅप सात, म्हणजे ७२ फटक्यांच्या कोर्सवर चांगल्या दिवशी ते ७९-८० फटक्यांत खेळ संपवतात. हौशी खेळाडूंमध्ये हा आकडा चांगलाच मानला जातो. त्यांना काय भेट द्यायची हा प्रश्न नव्हताच. त्यांचा थ्री-वूड बारा वर्षं जुना होता, त्याची ग्रिप पार गुळगुळीत झाली होती. दादा (त्यांचा मुलगा, बंगळुरूला असतो), माझी बहीण आणि मी अशा तिघांनी मिळून ४० हजारांच्या आसपास रक्कम जमवली आणि दुकानात गेलो.

दुकानदाराने एकच प्रश्न विचारला, "हँडिकॅप किती?" सात म्हटल्यावर त्याने दुसरं काही दाखवलंच नाही. "मग लो-स्पिनच घ्या. चांगले प्लेयर हाच घेतात." आम्हाला बरं वाटलं. आपल्या काकांना कुणी चांगला प्लेयर म्हणतंय म्हटल्यावर भाव करण्याचंही सुचलं नाही.

एप्रिल-मेमध्ये काका जाम खूश होते. फेअरवे उन्हाने खडखडीत झालेले, चेंडू खाली पडायचा आणि पळत सुटायचा. "२२५ यार्ड!" असा मेसेज फॅमिली ग्रुपवर दर दोन दिवसांनी यायचा. मग जुलै आला. त्यांच्या कोर्सवर चौदाव्या होलला एक आडवा नाला आहे. तो ओलांडायला चेंडू हवेतूनच साधारण १८५ यार्ड जावा लागतो. एका आठवड्यात तीन वेळा चेंडू पाण्यात गेला. हाच नाला ते जुन्या क्लबने वर्षानुवर्षं पार करत आले होते. मी फोन केला तेव्हा काका म्हणाले, "वय झालं गं आता. महिन्याच्या स्पर्धेतून नाव काढून घ्यावं म्हणतोय."

साठ वर्षांच्या माणसाला तीन महिन्यांत म्हातारं करणारी भेट आम्हीच दिली होती, हे आम्हाला कळायला ऑगस्ट उजाडला.

स्पिन म्हणजे शत्रू नव्हे

गोल्फ न खेळणाऱ्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. फेअरवे वूड म्हणजे ड्रायव्हरपेक्षा लहान डोक्याचा, जरा आखूड दांड्याचा लांब पल्ल्याचा क्लब. एकेकाळी डोकं खरंच लाकडाचं असायचं, म्हणून नाव वूड. १९७९ मध्ये टेलरमेडने धातूचा वूड बाजारात आणला आणि हळूहळू लाकूड हद्दपार झालं, नाव मात्र तेच राहिलं. थ्री-वूडच्या फेसचा तिरकेपणा, म्हणजे लॉफ्ट, साधारण १५ अंश असतो. फाइव्ह-वूडचा १८ ते १९. ड्रायव्हर बहुतेक वेळा टीवर ठेवलेल्या चेंडूला मारतात. फेअरवे वूडला मात्र गवतावर टेकलेला चेंडूही उचलावा लागतो आणि खरी परीक्षा तिथेच असते.

आता स्पिन. गोल्फचा चेंडू उडतो तेव्हा तो मागच्या दिशेने गरगर फिरत असतो. टेबल टेनिसमध्ये खालून कापलेला चॉप कसा तरंगत जातो, ते आठवा. मागे फिरणाऱ्या चेंडूला हवा वर उचलून धरते. स्पिन फार झाला तर चेंडू आकाशात चढतो, समोरचा वारा लागला की जागच्या जागी थांबल्यासारखा होतो आणि खाली येतो. स्पिन फार कमी झाला तर चेंडूला उचलून धरणारं काही राहत नाही आणि तो लवकर जमिनीवर येतो. काकांच्या बाबतीत हेच घडलं होतं. एप्रिलमध्ये तो लवकर पडून पळत होता, म्हणून आम्हाला लांब वाटला. जुलैमध्ये तो लवकर पडला आणि तिथेच रुतला.

मग कमी स्पिनचे क्लब बनवतातच कशाला? कारण काही खेळाडूंना त्यांची खरोखर गरज असते. जोरात मारणारा खेळाडू गवतावरचा चेंडू उतरत्या स्विंगने दाबून मारतो, तेव्हा स्पिन सहज साडेचार-पाच हजार फेऱ्या प्रति मिनिटाच्या घरात जातो. त्याला तो खाली आणायचा असतो. इथे लक्षात घ्या, खाली म्हणजे संपवायचा नसतो. ट्रॅकमॅन या मोजणी यंत्राच्या कंपनीने पुरुषांच्या अमेरिकन व्यावसायिक टूरची जी सरासरी प्रसिद्ध केली होती, तीत थ्री-वूडचा क्लबहेडचा वेग ताशी १०७ मैल आणि स्पिन ३,६०० च्या थोडा वर होता. ड्रायव्हरचा स्पिन २,७०० च्या आसपास. म्हणजे जगातले सर्वोत्तम खेळाडूही थ्री-वूडला ड्रायव्हरपेक्षा बराच जास्त स्पिन ठेवतात. दुकानातल्या स्क्रीनवर २,२०० चा आकडा पाहून टाळ्या वाजवणाऱ्यांनी हे आधी वाचायला हवं. (आम्हीही वाजवल्या होत्या.)

डोक्याच्या आत काय असतं?

कमी स्पिनचे फेअरवे वूड ओळखायचे तर नावात खूण असते. पिंगमध्ये एलएसटी, कोब्रामध्ये एलएस, कॅलवेमध्ये ट्रिपल डायमंड, टेलरमेडमध्ये बऱ्याचदा टूर. नावं वेगळी, तत्त्व एकच. डोक्याचं वजन तळाशी आणि पुढे, फेसच्या जवळ आणलेलं असतं, त्यामुळे गुरुत्वमध्य पुढे सरकतो. चेंडू थोडा खालून निघतो आणि कमी फिरतो. डोकंही अनेकदा लहान असतं. ते गवतातून सरळ कापत जातं आणि चेंडू हवा तसा डावी-उजवीकडे वळवणं सोपं जातं.

याची किंमतही मोजावी लागते. वजन मागे असलेला क्लब चेंडू फेसच्या कडेला लागला तरी फारसा वळत नाही, वेग बऱ्यापैकी टिकवतो. वजन पुढे घेतलं की ही माफी कमी होते. क्रिकेटमध्ये बॅटच्या मधोमध बसलेला आणि टोकाला लागलेला चेंडू यांत जो फरक, तसंच काहीसं. म्हणून हे क्लब कुशल खेळाडूंसाठी, असं म्हणतात आणि ते खोटं नाही. पण कौशल्य म्हणजे फक्त हँडिकॅप नाही. काकांचा सातचा हँडिकॅप त्यांच्या पटिंगमुळे आणि ग्रीनजवळच्या नाजूक फटक्यांमुळे आहे. या क्लबला हवे असतात दोन वेगळे गुण: पुरेसा वेग आणि फेसवर दर वेळी जवळजवळ एकाच जागी चेंडू लावण्याची सवय. दुकानदाराने हे दोन्ही विचारले नाहीत.

गणपतीच्या आधी काका बंगळुरूला गेले, तेव्हा दादाने त्यांना एका फिटरकडे नेलं. तिथले आकडे माझ्याकडे अजून फोनमध्ये आहेत. काकांच्या क्लबहेडचा वेग ताशी ९२ मैल. नव्या थ्री-वूडने चेंडू साडेआठ अंशांनी निघत होता, स्पिन २,२०० आणि हवेतलं अंतर, ज्याला कॅरी म्हणतात, फक्त १८० यार्ड. फिटरने त्यांच्या हातात वजन मागे असलेला साधा फाइव्ह-वूड दिला. चेंडूचा वेग किंचित कमी झाला, पण तो बारा अंशांनी निघाला, स्पिन ३,९०० वर गेला आणि कॅरी १९१ झाली. काका थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पण हा फाइव्ह आहे." चांगल्या खेळाडूकडे थ्री-वूड असलाच पाहिजे, ही त्यांची कित्येक वर्षांची समजूत.

यावर मी त्यांना नंतर एक गोष्ट पाठवली. १९३५ च्या मास्टर्स स्पर्धेत जीन साराझेनने पंधराव्या होलवर, सुमारे २३५ यार्डांवरून, दुसऱ्याच फटक्यात चेंडू थेट होलमध्ये घातला. पाच फटक्यांचा होल दोनात संपला. गोल्फच्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या फटक्यांपैकी तो एक. त्याच्या हातात फोर-वूड होता.

आणखी एक तुलना मला फार आवडते. ट्रॅकमॅनच्या त्याच तक्त्यांमध्ये व्यावसायिक महिला खेळाडूंचा फाइव्ह-वूडचा वेग ताशी ८८ मैल आहे आणि त्यांचा चेंडू ४३ अंशांनी खाली उतरतो. पुरुषांचा थ्री-वूडचा चेंडूही ४३ अंशांनीच उतरतो. ग्रीनवर पडून थांबायला हा उताराचा कोन लागतो. पुरुष तो थ्री-वूडने मिळवतात, महिला फाइव्ह-वूडने. आपल्या अदिती अशोकचंच बघा. लांब फटके मारणाऱ्यांत तिचं नाव कधीच नव्हतं. तरी २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली, पदक केवळ एका फटक्याने हुकलं. तिची बॅग तिच्या आईने उचलली होती, हे आमच्या काकूंना विशेष आवडतं.

आणि दादाचं काय झालं?

त्याच दिवशी दादानेही वडिलांचा नवा क्लब मारून पाहिला. दादाचा हँडिकॅप दोन, वेग १०८. त्याच्या जुन्या थ्री-वूडने स्पिन ४,७०० च्या आसपास येत होता आणि वाऱ्यात चेंडू फुग्यासारखा वर जात होता, ही त्याची जुनी तक्रार. या क्लबने स्पिन ३,६०० झाला, कॅरी दहा यार्डांनी वाढली. क्लब तोच, एकाला घातक आणि दुसऱ्याला वरदान. त्याने तो तिथेच ठेवून घेतला आणि वडिलांना फाइव्ह-वूड घेऊन दिला.

तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी असा क्लब घेणार असाल, तर आधी एक गोष्ट ठरवा: तो जास्त वेळा टीवरून मारणार की गवतावरून? अरुंद होलवर ड्रायव्हरऐवजी वापरायचा असेल, तर कमी स्पिनचा क्लब खूप उपयोगी आहे, कारण टीवर चेंडू फेसच्या मधोमध लावता येतो. लांब पार-फाइव्हवर दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठायचं असेल, तर गवतावरून उंची आणि उताराचा कोन मिळतोय का, हे बघायलाच हवं. गवतावरचा चेंडू बऱ्याचदा फेसच्या खालच्या भागावर लागतो. तिथे लागलेला चेंडू जास्त फिरतो आणि वेगही गमावतो, म्हणजे टीवरून घेतलेली चाचणी गवतावर लागू पडत नाही. कुठे लागतो ते कळायला मेडिकलमध्ये मिळणारा पायांचा पावडर स्प्रे फेसवर मारा, चेंडूचा ठसा स्वच्छ उमटतो. इतका स्वस्त आणि इतका प्रामाणिक सल्लागार दुसरा नाही.

चाचणी शक्यतो खऱ्या गवतावर करा. मॅटवर क्लब चेंडूच्या मागे जमिनीला लागला तरी घसरून पुढे जातो आणि चूक झाकली जाते. रेंजवरचे झिजलेले चेंडूही स्पिनचे आकडे बिघडवतात, तेव्हा स्वतः खेळता तोच चेंडू न्या. वीस फटके मारा आणि सर्वांत लांब गेलेला विसरा. सर्वांत वाईट पाच कुठे पडले, ते लिहून ठेवा, कारण कोर्सवर तेच तुम्हाला भेटणार आहेत. स्क्रीनवर एकूण अंतर ठळक दिसतं. नजर कॅरीवर ठेवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर बहुतेक कोर्सवर चेंडू पडला की पळत नाही, त्या चार महिन्यांत कॅरी हेच अंतर.

क्लबच्या मानेजवळ लॉफ्ट बदलण्याची सोय असेल, तर कमी स्पिनचं डोकं एक-दीड अंशाने वाढवून पाहा. कधी कधी तेवढ्याने काम भागतं. फक्त लॉफ्ट वाढवला की फेस थोडा बंद होतो, त्यामुळे उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जाऊ शकतो, हे ध्यानात ठेवा. शाफ्टबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल. तूर्तास एवढंच, की ड्रायव्हरच्या शाफ्टपेक्षा तो हलका नसावा.

गणपती झाल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी एका रविवारी काकांचा मेसेज आला. स्पर्धेतून नाव काढलं नव्हतं. "चौदावा. नाल्यापलीकडे, पण उजवीकडे झाडाखाली. बोगी झाली. चेंडू कोरडा आहे."