नवी रेकॉर्ड आधी धुवायची का?

नव्या रेकॉर्डबद्दल दोन ठाम मतं ऐकू येतात. एक म्हणजे, सीलबंद आहे तर स्वच्छच असणार. दुसरं, कारखान्यातलं तेलकट रसायन खाचांत बसलेलं असतं, म्हणून न धुता सुई टेकवायचीच नाही. दोन्ही चूक.

रसायनाची समजूत जास्त चिवट आहे. केकच्या भांड्याला तूप लावतात तसं साच्यावर काहीतरी फवारत असतील, असं वाटतं. प्रत्यक्षात पीव्हीसीचा गरम गोळा, त्याच्या वरखाली लेबलं आणि दोन्ही बाजूंना निकेलचे साचे (स्टॅम्पर) ठेवून वाफेने तापलेला प्रेस प्रचंड दाबाने मिटतो, मग पाणी फिरवून रेकॉर्ड थंड करतात. साच्यातून सुटायला मदत करणारं वंगण प्लास्टिकच्या मिश्रणातच कालवलेलं असतं. धुऊन काढावा असा त्याचा वेगळा थर नसतो.

पण म्हणून सीलबंद रेकॉर्ड स्वच्छ ठरत नाही. कडा छाटताना उडालेले कण आणि आतल्या कागदी पाकिटाचे तंतू तिच्यावर असतात. पीव्हीसीवर स्थिर वीज साठते, त्यामुळे रेकॉर्ड बाहेर काढताक्षणी हवेतली धूळही ओढून घेते. आधुनिक सुईचा भार साधारण दीड-दोन ग्रॅम, पण तो अतिसूक्ष्म टोकावर पेलला जातो. तिथे एक कणही टक्कन वाजतो.

बहुतेक वेळा कार्बन फायबरचा कोरडा ब्रश फिरत्या रेकॉर्डवर खाचांच्या दिशेने धरला की काम भागतं. डाग किंवा बोटांचे ठसे दिसले तरच धुवा, तेही डिस्टिल्ड पाण्याने. नळाच्या पाण्यातले क्षार खाचांत सुकतात. लेबल भिजू देऊ नका. कागदी पाकीट बदलून अँटिस्टॅटिक पाकीट घेणं हा मला धुण्यापेक्षा मोलाचा खर्च वाटतो.

धुऊनही दर फेरीला त्याच जागी फरफर ऐकू येत असेल, तर ती धूळ नव्हे. दाबताना प्लास्टिक खाचेत पुरतं भरलेलं नाही. घासत बसू नका, दुकानात बदलून मागा.

आणि घरातल्या जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांना हे सगळं जसंच्या तसं लावू नका. भारतात त्या १९६०च्या दशकातही निघत होत्या, आणि बहुतेक लाखेच्या आहेत. विनाइलसाठी मिळणाऱ्या अनेक द्रावणांत अल्कोहोल असतं, आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. या तबकड्या ओलसर कपड्याने हलक्या हाताने पुसा आणि लगेच कोरड्या करा.