जुन्या लग्नपत्रिकांचे करायचे काय?

दिवाळीच्या साफसफाईत कपाटाचा वरचा कप्पा उतरवला, की त्यातून लग्नपत्रिकांचा एक गठ्ठा हमखास निघतो. लग्न कोणाचे होते हे पुष्कळदा आठवतही नाही. परंतु प्रत्येक पत्रिकेवर गणपती असतो, आणि म्हणून ती रद्दीत घालण्यास हात धजत नाही. मग कोणी तो गठ्ठा पिंपळाच्या पारावर ठेवून येतो. जबलपूरचा रहिवासी असेल, तर ग्वारीघाटावर जाऊन नर्मदेत सोडतो. श्रद्धा खरी, पण सोनेरी छपाईचा तो चकचकीत पुठ्ठा नदीने पचवावा तरी कसा?

याहून चांगली वाट आहे, आणि ती आपल्या कात्रीतून जाते. कागदावरील चित्रे कापून ती लाकडी वा पत्र्याच्या वस्तूवर चिकटवायची आणि वरून रोगणाचे अनेक हात देऊन चित्र व वस्तू एकजीव करायची, या कलेला डेकुपाज म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ केवळ ‘कापणे’. अठराव्या शतकात व्हेनिसच्या कारागिरांनी पूर्वेकडील महागड्या लाखकामाची नक्कल म्हणून ती वाढवली. तिकडे तिला ‘गरिबांचे लाखकाम’ असेच नाव पडले. नाव काहीसे हिणवणारे आहे, पण आपल्याला ते मानवण्याजोगे आहे.

आपल्या घरातील आजींना एक गोष्ट अवश्य सांगा. इंग्लंडमधील मेरी डिलेनी या बाईंनी रंगीत कागदाच्या बारीक कपच्या कापून फुले जुळवण्यास आरंभ केला, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती. दृष्टी अधू होईपर्यंत, साधारण दहा वर्षांत, त्यांनी हजाराच्या आसपास फुले केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

प्रारंभासाठी लाकडी तबक किंवा बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा पुरे. काचकागदाने घासून, पुसून, कोरडा करून त्यावर एकाच फिकट रंगाचा हात द्यावा. पत्रिकेचा पुठ्ठा जाड असतो. तो तसाच चिकटवला तर कडा उभ्या राहतात. म्हणून मागील थर पाण्याच्या बोटाने ओलसर करून अलगद सोलून काढावेत. कापताना कात्री स्थिर ठेवून कागद फिरवावा, म्हणजे वळणे गोल येतात. चित्रे न चिकटवता आधी मांडून पाहावीत. बहुतेकांचा मोह येथेच आवरत नाही आणि डबा जत्रेतल्या दुकानासारखा दिसू लागतो. एक मोर, दोन पाने आणि पुष्कळशी मोकळी जागा, एवढे पुरते.

पांढरा सरस थोडे पाणी घालून वस्तूवर लावावा. चित्र ठेवून ओल्या फडक्याने मधून कडेकडे दाबत जावे, म्हणजे हवा निघून जाते. घरची खळ वापरणार असाल, तर कसर व झुरळे तिच्यावर तुटून पडतात हे ध्यानात असू द्या. पुस्तकबांधणी करणारे खळीत मोरचूद घालीत. ते विषारी आहे, मुलांच्या घरात नको. एक दिवस वाळल्यावर रोगणाचे पातळ हात द्यावेत. जुने कारागीर वीस-तीस हात देत. आपल्याला पाच-सहा पुरतात. एक हात पूर्ण वाळल्याखेरीज दुसरा देऊ नये. जबलपूरच्या श्रावणात यासाठी दोन दिवस थांबावे लागेल. वैशाखात काम काही तासांत होते, पण सरसही तितक्याच घाईने वाळतो. अशा तबकात उघडे खाद्य ठेवू नये; वाटी किंवा कागद मध्ये असावा.

आता गणपतीचा प्रश्न. देवाच्या चित्रावर कात्री चालवावी का? अनेक घरांत या शंकेपाशीच काम थांबते. माझे मत असे, की मूर्तीच्या बाहेरून, थोडी कड राखून कापावे. आणि ते चित्र तबकात वा पाटावर लावू नये, जेथे उष्टे सांडेल किंवा पाय लागेल. पूजेच्या साहित्याचा डबा, आरतीसंग्रहाचे वेष्टन, ही त्याची जागा. ज्यांचे मन तरीही घेत नाही, त्यांनी वेलबुट्टी घ्यावी. तीही सुंदर असते. आजोबांचे पत्र मात्र, विशेषतः मोडीतले असेल तर, कधीही कापू नका. त्याची झेरॉक्स प्रत वापरा. घरगुती छपाईयंत्रावरील शाई सरसाच्या ओलीने बहुधा फुटते. झेरॉक्सची फुटत नाही.

उरलेल्या कपट्यांतून संक्रांतीची शुभेच्छापत्रे करावीत. नागपूर-अमरावतीकडून जबलपूरला, 1904 साली सुरू झालेल्या तोफगाडी कारखान्यात वा रेल्वेत नोकरीस आलेल्या माणसांना तिळगुळाचे पत्र म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. शिवाय येथे तिलवारा घाटावर संक्रांतीची जत्रा भरतेच. पत्राच्या मांडणीचा उत्तम पाठ याच नगराने दिला आहे. भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीतील उद्देशिकेचे पान सजवणारे ब्योहार राममनोहर सिन्हा हे जबलपूरचे. ते पान नीट पाहा. नक्षी सारी कडेने आहे आणि मजकूर मध्ये मोकळा श्वास घेतो. चित्रकाराची सही ‘राम’ एवढीच, तीही खाली कोपऱ्यात. पत्राचा पुठ्ठा दुमडण्यापूर्वी हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून पाहावा; ज्या दिशेने सहज वाकतो, त्याच दिशेने घडी घालावी, म्हणजे ती तडकत नाही.

गणेशोत्सवाच्या मखराविषयी थोडेसे. निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळण्याचा प्लास्टिकचा पापुद्रा आणि सजावटीचा थर्माकोल या दोहोंवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. त्यामुळे कागदी मखर हा आता केवळ हौसेचा विषय उरलेला नाही. पुठ्ठ्याचे खांब, घोटीव कागदाची फुले आणि पत्रिकांतून कापलेली वेलबुट्टी यांचे मखर सुटे करून पुन्हा जुळवता येते, बदलीच्या सामानातही मावते. रोगण लावलेले काहीही, मग ते कितीही पवित्र असो, विसर्जनाला नेऊ नये. मूर्ती गेली, की मखर गादीखाली सपाट ठेवावे.

आणि आकाशकंदिलासाठी पतंगी कागदच घ्यावा, पत्रिकेचा नव्हे. त्यातून उजेड येत नाही. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा दोऱ्याने बांधून झाला, की करंज्या आणि झिरमिळ्या मुलांकडे सोपवाव्यात. त्या वाकड्या होतील. आत एलईडीचा लहान दिवा लावावा. तो तापत नाही, म्हणजे तोच कंदील पुढच्या वर्षीही टांगता येईल.