फर्मानाचा उत्तरार्ध

गुजरातमधील गंधार येथे असलेल्या आचार्य हीरविजयसूरींना १५८२ मध्ये अकबर बादशहाचे निमंत्रण आले. अहमदाबादच्या सुभेदाराने प्रवासासाठी वाहने देऊ केली. आचार्यश्रींनी ती विनयाने नाकारली. जैन साधू वाहनात बसत नाही, मग बोलावणे बादशहाचे असले म्हणून काय झाले! फत्तेपूर सिक्रीपर्यंतचा सारा पल्ला त्यांनी पायी विहार करीत गाठला व १५८३ मध्ये ते दरबारी पोहोचले. स्वतःसाठी त्यांनी काही मागितले नाही. पिंजऱ्यातील पक्षी सोडावेत, बंदिवान मुक्त करावेत आणि पर्युषणात प्राणिहत्या थांबवावी, एवढेच त्यांचे मागणे होते. बादशहाने ते मान्य केले. परंपरा तर सांगते की, पर्वाच्या आठ दिवसांना त्याने आपल्याकडून आणखी चार दिवस जोडले. आचार्यश्रींना ‘जगद्गुरू’ ही पदवी मिळाली.

ही कथा पर्युषणातील व्याख्यानांतून मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. तिचा उत्तरार्ध मात्र क्वचितच कानी पडतो.

अकबरानंतर जहांगीर गादीवर आला. १६१० मध्ये आग्रा येथील संघाने गच्छाधिपतींना पाठविलेल्या विज्ञप्तिपत्रात चित्रकार शालिवाहनाने जहांगीरचा दरबार रंगविला आहे. पर्युषणातील अमारीचे फर्मान तेथे पुन्हा मिळाल्याचा तो आनंद होता. पण पुढे आठ वर्षेही लोटली नाहीत तोच याच जहांगीरने जैन यतींना हद्दपार करण्याचा हुकूम काढला. त्याचे कारण त्याने आपल्या आत्मचरित्रातच नमूद केले आहे. शाहजादा खुसरोच्या बंडाच्या वेळी मानसिंह नावाच्या यतीने जहांगीरचे राज्य दोन वर्षेच टिकेल असे भविष्य वर्तविले होते, आणि बादशहा ते विसरला नव्हता. एका साधूने राजकारणात तोंड घातले, शिक्षा साऱ्या संघाला झाली. तो हुकूम कालांतराने मागे घेतला गेला, तोही बादशहाच्याच मर्जीने.

अहमदाबादचे नगरशेठ शांतिदास झवेरी यांचा अनुभव याहूनही बोलका आहे. त्यांनी बांधलेल्या चिंतामणी पार्श्वनाथ मंदिराचे १६४५ मध्ये मशिदीत रूपांतर झाले, तेव्हा औरंगजेब गुजरातचा सुभेदार होता. १६४८ मध्ये शाहजहानने ते मंदिर शांतिदासांना परत देण्याचे फर्मान काढले. आणि पुढे, १६६० मध्ये, बादशहा झालेल्या त्याच औरंगजेबाने शत्रुंजय तीर्थावरील जैनांचा हक्क मान्य करणारे फर्मान शांतिदासांच्याच नावे दिले! राज्यकर्ता उदार की धर्मांध, एवढ्या एका प्रश्नाने हा इतिहास उलगडत नाही. धर्माचा आधार जेथे एका माणसाची इच्छा असते, तेथे उदारताही टांगणीलाच असते.

भारतीय संविधानाने हा टांगता आधार काढून घेतला. अनुच्छेद २५ नुसार धर्मस्वातंत्र्य हा कोणाची कृपा नसून प्रत्येक व्यक्तीचा हक्क आहे. २०११ च्या जनगणनेत सुमारे ४४.५ लाख, म्हणजे देशाच्या लोकसंख्येत अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरलेल्या जैन समाजाला या हक्काचे मोल निराळे सांगावयास नको. तरीही फर्मान मागण्याची जुनी सवय सुटलेली नाही.

अहमदाबाद महापालिकेने पर्युषणात नऊ दिवस कत्तलखाने बंद ठेवण्याचा निर्णय घेतला होता. गुजरात उच्च न्यायालयाने तो अवैध ठरविला; सर्वोच्च न्यायालयाने मात्र १४ मार्च २००८ रोजी, बंदी अल्पकाळाची आहे व तीत अवाजवी काही नाही, असे म्हणून तो वैध ठरविला. त्या निकालपत्रात अकबराचाही दाखला आहे. सात वर्षांनी, २०१५ मध्ये, मुंबईत बंदीचे दिवस वाढविले गेले आणि एका पर्वाचे राजकीय रणांगण झाले. रस्त्यावर निदर्शने झाली, महापालिकेला पाऊल मागे घ्यावे लागले, उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबरच्या मांसविक्रीबंदीला स्थगिती दिली. मांस बंद, मग मासळी व अंडी का नाहीत, या न्यायालयातील प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही. खरे तर हा प्रश्न श्रावकांनी स्वतःलाच आधी विचारावयास हवा होता.

बंदीच्या बाजूचे म्हणणे सहज झटकून टाकण्यासारखे नाही. ज्या मुक्या जीवाचा प्राण त्या दिवशी वाचला, त्याला तो कोणत्या कायद्याने वाचला याच्याशी कर्तव्य नाही. जीवदया ही केवळ श्रावकाच्या मनाची शुद्धी नव्हे. ती त्या जीवासाठीही आहे. परंतु दुसऱ्या बाजूला रोजच्या विक्रीवर घर चालविणारा खाटीक असतो, त्याचे नुकसान कोणी भरून देत नाही. शिवाय जैन आचारात प्रत्याख्यान स्वतः घ्यावयाचे असते. पोलिसाच्या धाकाने जो मांस सोडतो त्याने व्रत घेतलेले नसते, आणि सक्तीने धुमसणारा राग ज्या समाजाच्या नावावर जमा होतो त्याला क्षमापनेच्या दिवशी शेजाऱ्याच्या दारी जाणे अवघड होते. मर्जी बादशहाची असो वा बहुमताची, आज मिळालेले उद्या जाऊ शकते. पैसे देऊन जनावरे सोडविणे, पांजरपोळ चालविणे, विक्रेत्यांशी बोलून त्यांच्या संमतीने दुकाने बंद ठेवणे हे मार्ग अधिक कष्टाचे आहेत. त्यांना राजाज्ञा लागत नाही.

हीरविजयसूरी स्वतः दरबारात रमले नाहीत. काही वर्षांनी ते गुजरातकडे परतले आणि १५९५ मध्ये ऊना येथे त्यांनी देह ठेवला. दरबारी राहिले ते भानुचंद्र व त्यांचे शिष्य सिद्धिचंद्र. बादशाही परिवाराच्या सहवासात वाढलेल्या या देखण्या तरुण साधूला पुढे जहांगीरने साधुत्व सोडून विवाह करण्याची आज्ञा केली. सिद्धिचंद्रांनी ती मानली नाही. त्यांना दरबारातून घालवून देण्यात आले, आणि ते निघून गेले.